बिऱ्हाडाच्या भिंती

बदलीच्या नोकरीतील गृहस्थाने आपल्या सरकारी निवासाच्या भिंती स्वतःच्या हाताने रंगवाव्यात काय, हा प्रश्न वरवर पाहता नीतिशास्त्राच्या कक्षेत येण्याजोगा वाटत नाही. फार तर तो काटकसरीचा, हौसेचा किंवा रविवारची दुपार कशी घालवावी ह्याचा प्रश्न म्हणता येईल. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर माणसे इतक्या त्वरेने आणि इतक्या एकमुखाने देतात, त्याच्या मुळाशी एखादे न तपासलेले तत्त्व दडलेले असते, असा आमचा समज आहे. ‘कशाला उगीच? आज ना उद्या सोडून जायचेच आहे,’ हे वाक्य दिल्ली, पाटणा, हैदराबाद, कोलकाता, जेथे जेथे आपली माणसे नोकरीनिमित्त राहतात तेथे तेथे ऐकू येते. त्यात शहाणपण आहे असे सर्वांस वाटते, आणि म्हणूनच ते एकदा उलटून पाहण्यासारखे आहे.

मराठीने ह्या बाबतीत एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. आपल्याकडे ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन निराळे शब्द आहेत. घर गावाकडे असते. बिऱ्हाड नोकरीच्या ठिकाणी. घर बांधावे लागते, आणि ते किती कठीण हे ‘घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. बिऱ्हाड मात्र आपण थाटतो, हलवतो, प्रसंगी मोडतो. आणि विंचवाचे तर ते पाठीवरच असते. ही म्हण आपण बदलीच्या हुकुमाच्या दिवशी हसत हसत उच्चारतो खरी, पण तिच्या आड एक सोय लपलेली असते. पाठीवरच्या बिऱ्हाडाला भिंती नसतात, तेव्हा त्या रंगविण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

आमचे एक स्नेही हिशेब खात्यात होते. गंगेच्या उत्तरेस बिहारमधील एका जिल्ह्याच्या गावी त्यांची नेमणूक झाली, आणि दोन खोल्या, स्वयंपाकघर व एक लांबट व्हरांडा असा निवास त्यांच्या वाट्यास आला. भिंतींना पोपडे धरले होते. आधीच्या बिऱ्हाडकरूंनी ठोकलेल्या खिळ्यांची भोके एखाद्या नकाशावरील गावांप्रमाणे जागोजाग विखुरलेली होती, आणि खात्याकडून सफेदी होण्याची पाळी अजून दोन वर्षे दूर होती. त्यांनी अर्ज केला नाही. बाजारातून कळीचा चुना आणला, जुन्या पत्र्याच्या पिंपात तो पाण्यात भिजत घातला, आणि पाणी पडताच ते पिंप कसे खदखदू लागते हे मुलांना दुरून दाखविले. दोन दिवसांनी ते दाट मिश्रण गोणपाटाच्या फडक्यातून गाळून घेतले, त्यात गरम पाण्यात विरघळविलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घातली. दरम्यान पत्र्याच्या पट्टीने भिंती खरवडून, भोके बुजवून, पॉलिशपेपरने घासून झाल्या होत्या. डोळ्यांस चष्मा आणि हातांस खोबरेल लावल्याखेरीज त्यांनी कुंचला उचलला नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे; चुना हा दिसावयास सात्त्विक, परंतु डोळ्यांत उडाला तर अंधत्व आणणारा पदार्थ आहे.

केंद्रीय बांधकाम खात्याच्या नियमपुस्तकात सफेदीच्या एका हाताची जी व्याख्या आहे, ती आमच्या ह्या स्नेह्यांनी एका अभियंत्याकडून ऐकून पाठ केली होती. मुंज गवताचा कुंचला घ्यावा. एकदा वरून खाली, मग त्यावरूनच खालून वर, आणि तो ओला आहे तोवर उजवीकडून एकदा व डावीकडून एकदा असा तो फिरवावा. एवढे मिळून एक हात होतो. सरकारी गद्यात इतके सुंदर वाक्य क्वचितच सापडेल. स्वतः करू पाहणाऱ्याची पहिली निराशा ठरलेली असते. ओला चुना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो, भिंत होती तशीच मळकट वाटते, आणि कुंचला अधिक दाट मिश्रणात बुडविण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. पातळ हात वाळत जातो तसतशी शुभ्रता आतून वर येते. दाट दिलेला चुना मात्र महिन्याभरात भुकटी होऊन पाठीला लागू लागतो. ‘अहो, वरचा कोपरा राहिला,’ असे दारातून सांगणाऱ्या त्यांच्या पत्नीने पुढच्या रविवारी कामाचा अर्धा भाग आपल्याकडे घेतला. एका जुन्या क्ष-किरण चित्राच्या फिल्ममधून तिने ठिपक्यांच्या रांगोळीतील वेल कापून काढली, आणि व्हरांड्यात कमरेइतक्या उंचीवर गेरूच्या रंगात ती वेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उमटविली. सामान ज्या देवदारी खोक्यांतून आले होते ती घासून, रंगवून, एकावर एक रचून त्यांचे पुस्तकांचे कपाट केले. ह्या सगळ्यास तीन रविवार लागले.

शेजारी राहणारे एक मराठी अधिकारी चहास आले होते. भिंतीकडे पाहून ते म्हणाले, “अहो, येत्या मार्चमध्ये तुमची बदली व्हायची. ह्या भिंतीत काय सोनं पुरून ठेवलंय?” आमचे स्नेही हसून म्हणाले, “मग मार्चपर्यंत मी कुठे राहतोय म्हणता?”

हे उत्तर कोटीसारखे वाटले, तरी शेजाऱ्यांच्या प्रश्नात जे दोन सिद्धान्त गृहीत धरलेले होते त्यांपैकी एकही त्याने मान्य केलेला नाही. पहिला सिद्धान्त असा की, मनुष्याने श्रम करावेत ते आपल्या मालकीच्या वस्तूवर. दुसरा असा की, जे टिकणार नाही किंवा जे आपल्यापाशी राहणार नाही, त्यावर केलेले श्रम वाया जातात.

मालकीचा विचार प्रथम घेऊ. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने असे प्रतिपादन केले की, ज्या वस्तूवर कोणाचाच हक्क नाही तिच्यात मनुष्य आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. पाश्चात्त्य राज्यशास्त्रातील मालमत्तेची पुष्कळशी चर्चा ह्या एका कल्पनेभोवती फिरत आली आहे. सरकारी निवासाच्या बाबतीत ती सपशेल लंगडी पडते. भिंत सरकारची आहे. तीत तुम्ही तीन रविवार मिसळा की तीनशे, ती सरकारचीच राहील, आणि निवास सोडताना चुन्याचे पैसे मागण्यास गेलात तर कारकून तुमच्याकडे करुणेने पाहील. म्हणजे श्रमातून मालकी निघत नाही हे उघड झाले. तेव्हा मालकीतून श्रम निघावेत अशी तरी अपेक्षा का धरावी? ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांच्या भिंती पाहाव्यात. मालक होणे आणि घराकडे लक्ष असणे ह्या दोहोंचा संबंध आपण समजतो तितका दृढ नाही.

ह्यावर काही सज्जन उपयुक्ततेची बाजू मांडतात. चुन्याने जंतू मरतात, मुलांस चांगले वळण लागते, पाहुण्यांवर छाप पडते. हे सारे खरे असेल. परंतु हिशेबाने जिंकलेली बाजू हिशेबानेच हरते. तीन रविवारांच्या मोबदल्यात नऊ महिन्यांची शुभ्र भिंत, हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा हे ज्याने त्याने आपल्या वेळेची किंमत लावून ठरवावे. आम्हांस ह्या वादात रस नाही, कारण खरी हानी अन्यत्र होते आणि ती कोणत्याही खतावणीत चढत नाही.

बदलीच्या नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने आपल्या बिऱ्हाडांची यादी करून पाहावी. आठ, दहा, क्वचित बारा. त्यांपैकी प्रत्येकात तो ‘तात्पुरता’ राहिला. पडदे तात्पुरते, दिव्याची जागा तात्पुरती. तसबिरी खोक्यात, कारण भिंतीला खिळा कशाला? चांगले ते सारे पुण्यास किंवा नागपुरास जे घर पुढे व्हायचे आहे त्याच्यासाठी राखलेले. दहा तात्पुरत्या मुक्कामांची बेरीज केली तर एक अख्खे आयुष्य होते, हे त्याच्या ध्यानात येते ते निवृत्तीच्या सुमारास. तोवर शिडीवर चढण्यास गुडघे नकार देऊ लागलेले असतात, आणि ज्या मुलांसाठी ते घर बांधले ती दुसऱ्याच शहरी आपापली तात्पुरती बिऱ्हाडे करून बसलेली असतात. त्यांना कोणी ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारले तर ती क्षणभर घुटमळतात. ज्या गावी त्यांनी लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालविल्या ते गाव त्यांच्या वडिलांचे. ज्या गावांत ती वाढली त्यांना ‘आपले’ म्हणण्याची त्यांना कोणी शिकवण दिली नाही. मुलांना गावाचे नाव नसले तरी चालेल, पण आपण येथे राहिलो होतो असे सांगावयास एक तरी कोपरा हवा, असे आम्हांस वाटते. गेरूची ती वेल आज त्या व्हरांड्यात असण्याचा संभव नाही. आमच्या स्नेह्यांची कन्या मात्र, जी त्या वेळी सात वर्षांची होती, त्या गावाचा विषय निघाला की वेलीतले कोणते पान वाकडे उमटले होते ते सांगते.

ज्या प्रदेशात ही वेल काढली गेली, तो मिथिलेचा प्रदेश होय. आणि आमच्या प्रश्नावर त्या भूमीने जितका प्रकाश टाकला आहे तितका कोणत्याही तत्त्वज्ञाने टाकलेला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. विल्यम आर्चर नावाचे एक सनदी अधिकारी त्या वेळी मधुबनी येथे होते. पडझडीची पाहणी करीत ते गावोगाव हिंडले. भिंती कोसळल्यामुळे घरांचे जे अंतर्भाग कोणा परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडले नसते ते उघडे झाले होते. आणि त्या मोडक्या मातीच्या भिंतींवर त्यांना कमळे, बांबू, मासे, पोपट, देवदेवता अशी चित्रे दिसली, जी पाहून त्यांना क्ले आणि मिरो ह्या युरोपीय चित्रकारांची आठवण झाली. १९४९ साली ‘मार्ग’ ह्या मुंबईच्या नियतकालिकात त्यांनी ह्या चित्रांवर लिहिले, आणि बाहेरच्या जगास मिथिलेच्या भित्तिचित्रांचा परिचय झाला. पुढे १९६६ च्या सुमारास, दुष्काळात तेथील स्त्रियांना काही उत्पन्न मिळावे म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी ह्या मुंबईच्या चित्रकारास तेथे पाठविले, आणि भिंतीवरची ही चित्रे कागदावर उतरली. हेच कुलकर्णी नंतर ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांत गेले, आणि जिव्या सोमा मशे ह्यांची कला जगापुढे येण्यास तेही कारण झाले. कामानिमित्त परप्रांतात गेलेल्या मराठी माणसांच्या इतिहासात ह्या गृहस्थाचे नाव आपण जितके घ्यावे तितके घेत नाही.

आता ही चित्रे कोण काढीत असे, हे पाहावे. कोहबर म्हणजे नवदांपत्याची खोली. तिच्या भिंती घरातील स्त्रिया लग्नासाठी रंगवीत. त्यांतील बहुतेक जणी त्या घरात सुना म्हणून आलेल्या. घर त्यांच्या नावावर नव्हते; कायद्याने, रूढीने, कोणत्याच अर्थाने त्या त्याच्या मालकीण नव्हत्या. चित्रेही टिकण्यासाठी काढलेली नसत. पावसाळ्यात ओल धरे, पुढल्या सणास किंवा पुढल्या लग्नास नवे सारवण होई आणि जुने चित्र त्याखाली जाई. मिथिला दूर राहो, आपल्याकडे काय निराळे होते? रोज सकाळी अंगण सारवून त्यावर जी रांगोळी निघे, ती संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसली जाई. वारल्यांचा लग्नचौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहीत. ह्या देशात घरे सजविण्याचे काम शतकानुशतके ज्यांनी केले, त्यांच्यापाशी घराचा कागद नव्हता आणि चित्र टिकेल अशी आशाही नव्हती. शेजारच्या अधिकाऱ्यांनी जी दोन कारणे न रंगविण्यासाठी पुढे केली, त्या दोहोंसह त्या स्त्रिया रंगवीत राहिल्या.

बदली ही आपणा पुरुषांना आधुनिक नोकरीने आणलेली आपत्ती वाटते. स्त्रीला बदलीचा हुकूम लग्नाच्या मांडवातच मिळत असे, आणि तो रद्द करून घेण्यासाठी वरिष्ठांकडे खेपा घालण्याची सोय नसे. परक्या घरी जाऊन ते आपले कसे करावे ह्याची विद्या तिच्यापाशी होती. त्या विद्येचे पहिले साधन होते शेणाचा गोळा आणि चिमूटभर पांढरी पूड. ह्या गोष्टीचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. त्या श्रमांची कोणी मोजदाद केली नाही, घरात वाटा दिला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने कन्येला जे हक्क दिले ते त्या आधी कित्येक पिढ्यांना मिळावयास हवे होते. अन्याय सोसणाऱ्याच्या हातून चांगली वस्तू निर्माण झाली म्हणून अन्याय चांगला ठरत नाही. पण ती वस्तू तरी नीट पाहावी. तिने हे सिद्ध केले आहे की, जागेशी मनुष्याचे नाते जोडणारी कृती मालकीहक्कावर अवलंबून नसते. बिऱ्हाड ‘करावे’ लागते असे आपली भाषा म्हणते, आणि आजवर ते बहुधा एकाच व्यक्तीने केलेले आहे. पतीची बदली झाली की पत्नीची दुसऱ्यांदा होते; पडद्यांची मापे पुन्हा तीच घेते. आमच्या स्नेह्यांनी कुंचला हाती धरला ह्याचे आम्हांस विशेष वाटले ते ह्यामुळे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. रंग देणे म्हणजे झाकणे. आणि झाकणे हा असत्याचाच एक प्रकार नव्हे काय? जॉन रस्किन ह्यांनी १८४९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वास्तुशिल्पावरील ग्रंथात ह्या प्रश्नाचा कसून विचार केला आहे. लाकडास रंग देऊन ते संगमरवर भासविणे, विटांवर गिलावा करून त्यावर दगडी सांध्यांच्या रेघा ओढणे, ह्याला ते सरळ खोटेपणा म्हणतात. सफेदीस मात्र त्यांनी ह्या आरोपातून मुक्त केले आहे. कारण सफेदी आपण सफेदी आहोत एवढेच सांगते, आपल्याखाली काय आहे ह्याविषयी ती काहीच दावा करीत नाही. ह्या निवाड्याशी आम्ही सहमत आहो. केवळ रस्किनसाहेबांना भारतातील सरकारी कार्यालयांचा अनुभव नव्हता, एवढेच म्हणावयाचे. आपणांपैकी प्रत्येकाने ते दृश्य पाहिले आहे. वरिष्ठांचा दौरा जाहीर होतो, आणि दोन दिवसांत आवारातील झाडांचे बुंधे, कुंपणाचे दगड, फुलझाडांच्या कडेच्या उभ्या रोवलेल्या विटा गेरू आणि चुन्याने लखलखू लागतात. हा चुना दगडाविषयी खोटे बोलत नाही. तो काळाविषयी खोटे बोलतो. ‘आम्ही नेहमी असेच असतो,’ असे तो सांगतो. परीक्षकाची गाडी फाटकाबाहेर पडली की त्याचे काम संपते, आणि पहिल्या पावसात तो वाहून गेला तरी कोणास खंत वाटत नाही. एकाच पिंपातला चुना, एकच कुंचला. पण एक भिंत पाहणाऱ्यासाठी रंगते आणि दुसरी राहणाऱ्यासाठी. ओल धरलेल्या भिंतीचा गळका नळ दुरुस्त न करता वरून रंग मारणारा गृहस्थ, स्वतःच्या निवासात राहूनही, दौऱ्याचीच तयारी करीत असतो.

रस्किन ह्यांचा उल्लेख झालाच आहे, तर त्यांची दुसरी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८७४ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना अंगमेहनतीचे महत्त्व कळावे म्हणून त्यांनी जवळच्या हिंक्सी ह्या खेड्यात त्यांच्याकडून रस्ता बांधवून घेतला. कुदळ मारणाऱ्यांत ऑस्कर वाइल्ड होते, पुढे समाजसेवक म्हणून नावाजलेले आर्नल्ड टॉयन्बी होते. रस्ता इतका वाईट झाला की लोक तो पाहून हसण्यासाठी येत. आणि त्या सुशिक्षित मजुरांना काम दाखविण्यासाठी रस्किन ह्यांना आपल्या माळ्यास बोलवावे लागले होते. त्याच रस्किन ह्यांचे दुसरे एक पुस्तक १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी आगगाडीत वाचले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि त्या माळ्याकडे आमचे लक्ष वारंवार जाते. आपल्याकडे साहेब जेव्हा ‘स्वतःच्या हाताने’ रंग देतात, तेव्हा पुष्कळदा रविवारी शिपायास बोलावून घडवंची धरावयास लावलेले असते, चुना त्याने गाळलेला असतो, फरशीवरचे शिंतोडे त्यानेच खरवडून काढावयाचे असतात. हा श्रमाचा गौरव नसून दुसऱ्याच्या सुट्टीचा अपहार आहे. जे एकट्याने किंवा घरच्यांच्या मदतीने झेपत नाही ते हाती घेऊ नये, किंवा रोजंदारी देऊन कुशल माणूस बोलवावा.

आणि ह्या कुशल माणसाचे काय? आपण आपल्या भिंती रंगविल्या तर रंगाऱ्याच्या पोटावर पाय येत नाही काय? दिवाळीपूर्वीच्या दिवसांवर ज्याचे पुढचे तीन महिने अवलंबून असतात, त्याच्याविषयी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आम्हांस वाटते, संबंध घराचे काम त्याचे आहे. एखादी खोली, व्हरांडा, खोक्यांचे कपाट, ट्रंकेवरचे नाव ही कामे आपली. ही सीमारेषा कोणत्या तत्त्वावर आखली असे विचाराल तर त्याचे तर्कशुद्ध उत्तर आमच्यापाशी नाही, केवळ प्रमाणाची जाणीव आहे. पण एक परिणाम आम्ही पाहिला आहे. ज्याने एकदा छताचा रंग दिला आहे, ज्याची मान दोन दिवस आखडली आहे आणि ज्याच्या कोपरापर्यंत चुना ओघळला आहे, तो पुढल्या वेळी रंगाऱ्याशी मजुरीबद्दल बोलताना पूर्वीसारखी घासाघीस करीत नाही. आमचे स्नेही तरी करीत नसत. बाकी आपल्या मध्यमवर्गाला हे काम पोराटकीचेच वाटते. एशियन पेंट्स ह्या कंपनीसाठी आर. के. लक्ष्मण ह्यांनी १९५४ साली जो गट्टू रेखाटला, तो हाती ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला एक खट्याळ मुलगा होता. २००२ पर्यंत तो जाहिरातींतून आपल्याकडे पाहत राहिला. हाती डबा घेतलेला एखादा उपसचिव त्या जागी काढला असता तर तो कोणास खरा वाटला नसता.

राहता राहिला पुढचा माणूस. सरकारी निवासात आपल्यामागून कोणी तरी येणारच असते, आणि त्याची आवड आपणांस ठाऊक नसते. आमच्या मते भिंत रंगविणाऱ्याच्या नीतीची खरी कसोटी येथे आहे. चुन्यावर कोणीही काहीही देऊ शकतो. चुन्यावर चुना बसतो, ऑइल-बाउंड डिस्टेंपर किंवा प्लॅस्टिक इमल्शन द्यावयाचे झाले तरी खरवडून अस्तर दिले की काम होते. चुनखडी भट्टीत भाजताना जो वायू तिच्यातून निघून जातो तोच भिंतीवरचा चुना हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. एवढा उलटसुलट प्रवास केलेला पदार्थ आपल्यावर दुसरा थर येण्यास हरकत घेत नाही. तैलरंगाचे तसे नाही. त्यावर चुना धरत नाही. भिंत तुळतुळीत करून आपली आवड कायम करणारा मनुष्य पुढच्यास आठवडाभर घासण्याची शिक्षा देऊन जातो. ताज्या चुन्यावरच तैलरंग दिला तर आणखी विपरीत घडते. चुना त्या तेलाचा साबण करतो, आणि रंग चिकट होऊन सुटू लागतो. जुन्या निवासांच्या दारा-खिडक्यांवरील तैलरंगाविषयी तर अधिकच सावध असावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा दंडक भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्या आधीच्या थरांत काय आहे हे बाहेरून कळत नाही. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाऊ देऊ नये. तो ओला करून घासावा, मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवावे, आणि फडकी वेगळी टाकावीत. पोपडे सुटत नसतील तर त्याला हातच लावू नये.

२०१६ साली केंद्र सरकारने दिल्लीतील सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर अशा सात जुन्या सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीचा निर्णय घेतला, आणि मागाहून तेथील घरे पाडली जाऊ लागली. पाडकाम चालू असलेल्या कोणत्याही वसाहतीजवळून जाताना अर्धवट उभ्या भिंती दिसतात. वरच्या मजल्यावरची एखादी खोली तीन बाजूंनी उघडी, आणि फुटलेल्या गिलाव्याच्या कडेला थरांवर थर. खाली फिकट निळा, त्यावर पांढरा, मग कोणाच्या तरी घरचा गुलाबी, पुन्हा पांढरा, मग पिस्त्याचा हिरवा. मधले पांढरे थर खात्याचे असणार. बाकीचे कोणी दिले, ते लोक किती महिने राहिले आणि कोठे बदलून गेले, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात असण्याचे कारण नाही.

आमच्या स्नेह्यांची बदली मार्चमध्ये झाली नाही. ती ऑगस्टमध्ये, ऐन पावसात झाली. खोक्यांच्या कपाटाची पुन्हा खोकी झाली. उरलेला गेरू एका डब्यात घट्ट झाकण लावून त्यांनी स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवला, वेलीची ती फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी ठेवली, आणि किती गेरूस किती पाणी व किती सरस घ्यावा ते हिंदीत एका चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटविले.